मारोतभाऊंची पावडी

मारोतभाऊ बारापात्रे यांना पाय आहेत की नाहीत, हे ओळख झाल्यावरही मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मी त्यांना नेहमी कमरेपासून वरच पाहिलं होतं. उरलेले मारोतभाऊ जमिनीत असत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तर मी दारातच थबकलो. नागपुरात पाचपावलीच्या बाजूला कोष्ट्यांची एक गल्ली आहे, तिच्या टोकाला त्यांचं घर. दार सताड उघडं. समोरच्या खोलीत, सारवलेल्या जमिनीतून एक पन्नाशीचे गृहस्थ उगवलेले. अंगात बनियान, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे दोरा, हातात धूर सोडणारं सोल्डरिंग आयर्न, आणि भोवती वायरी, खटके, पत्र्याचे डबे यांचा बाजार मांडलेला. मान वर न करता ते म्हणाले, "पाय पुसून या. अन् मंग पाय द्या."

पाय पुसले. द्यायचा कसा, ते कळेना.

"गिटारवाले गुर्जी ना तुम्ही? बंडूभाऊनं सांगतलं मले. द्या ना गा पाय, इथं खाली सोडा. लाजता काहून?"

गुर्जी म्हणजे मी. दिवसा एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि संध्याकाळी बंडूभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. दोन्हीकडे माझ्याकडे फारसं कोणी लक्ष देत नसे. भूगोलाचं माझ्या हातात नव्हतं, पण गिटारचं काहीतरी करावं म्हणून बंडूभाऊंनी मला इथं धाडलं होतं.

ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडचा विणकर खुर्चीवर वगैरे बसत नाही. तो जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. खड्ड्यात लाकडाच्या पावड्या असतात. त्या आळीपाळीनं पायानं दाबल्या की वर ताण्याची सुतं उघडतात आणि त्यांच्यामधून धोटा पळतो. मारोतभाऊंच्या घरात एके काळी चार भाऊ होते आणि चार माग होते. मग हातमागाचे दिवस फिरले. एक भाऊ भिलाईला कारखान्यात गेला, एक रेल्वेत लागला, एक वारला. माग मोडीत गेले आणि तीन खड्डे बुजवले गेले. चौथा मारोतभाऊंनी बुजवू दिला नाही. काही वर्षं त्यांनी एका लाउडस्पीकरवाल्याकडे काम केलं, तिथं ॲम्प्लिफायर उघडायला शिकले, आणि ते काम सुटल्यावर पुन्हा आपल्या खड्ड्यात येऊन बसले. पायाखाली मात्र आता मागाच्या पावड्या नव्हत्या. गिटारचा आवाज बदलणारी, त्यांनी स्वतः बनवलेली पेटी होती. तिलाही ते पावडीच म्हणत.

जगातले बाकीचे कारागीर काम उचलून टेबलावर ठेवतात. मारोतभाऊंनी काम जमिनीवरच ठेवलं आणि स्वतः खाली उतरले. पायानं पेटी चालवून बघायची आणि हातांनी दुरुस्त करायची, हे त्यांना एकाच वेळी जमत असे. स्टोव्ह आणि चहाचं पातेलंही हाताच्या अंतरावर होतं, त्यामुळे पाहुणा आला तरी वर यायचं कारण पडत नसे. पाहुण्यानंच समोरच्या काठावर बसायचं आणि पाय खाली सोडायचे. एका खड्ड्यात दोन माणसांचे चार पाय, आणि मधे ती पेटी.

तो काळ असा होता की, सिनेमाच्या गाण्यात गिटार गुरगुरत होती, रडत होती, हसत होती, आणि आमच्या ऑर्केस्ट्रात नुसती टिंगटिंग करत होती. लोक म्हणायचे, "रेकॉर्डसारखा आवाज येत नाही यार." मुंबईच्या वादकांच्या पायाशी परदेशी पेट्या असतात, एकेका आवाजाची एकेक पेटी, एवढं आम्ही ऐकून होतो. मारोतभाऊंनी त्या पाहिल्या होत्या. लाउडस्पीकरच्या नोकरीत असताना मुंबईची एक पार्टी नागपुरात आली होती. वादक जेवायला गेले तेव्हा ह्यांनी एकेक पेटी उलटी करून आत डोकावून पाहिलं. तेव्हापासून ते वेडे झाले.

"पाच आवाजाच्या पाच पेट्या कायले पायजे?" ते मला म्हणाले. "एका मागावर धोतर बी निघते अन् लुगडं बी निघते. मंग एका पेटीत पाच आवाज काहून निघत नाई? निघते! पाय द्या!"

मी पाय दिला आणि पहिला खटका दाबला. काठावर ठेवलेल्या स्पीकरमधून माझ्या त्याच गिटारचा असा काही आवाज निघाला की, मी स्वतःच दचकून मागे सरलो. वाघ गुरगुरला असता तर एवढा दचकलो नसतो, कारण वाघाकडून ते अपेक्षित असतं. माझ्या गिटारकडून नव्हतं. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि मोठमोठ्यानं हसायला लागलो. मारोतभाऊही हसायला लागले. दोन मोठी माणसं एका खड्ड्यात पाय सोडून का हसताहेत, ते बघायला गल्लीतली चारदोन माणसं दारात जमली.

या आवाजांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. गुरगुरणारा आवाज म्हणजे 'घरघर'. थरथरणारा म्हणजे 'थंडीताप'. घुमून परत येणारा म्हणजे 'विहीर'. गोल गोल फिरल्यासारखा वाटणारा 'पंखा'. आणि पाचव्या आवाजासाठी पेटीच्या उजव्या बाजूला मागाची खरीखुरी जुनी पावडी बसवलेली होती, ती पायाखाली खालीवर केली की गिटार "वाऽव, वाऽव" असं बोलायची. साहेबी भाषेत त्याचं नाव तो आवाज काढतो तसंच आहे. मारोतभाऊंनी ते ऐकलं 'वाहवा'.

बंडूभाऊंनी एकदा सुधारायचा प्रयत्न केला. "मारोतभाऊ, ते वाहवा नाही. आवाज तसा येते ना, वाव-वाव, म्हणून तसं म्हणते."

"हाव ना. वाजवणाऱ्याले वाहवा करते म्हणून वाहवा."

"अरे बाप्पा, करत नाही हो ते वाहवा!"

"तुमाले करत नसन," मारोतभाऊ शांतपणे म्हणाले.

आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मला त्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही. पाय हलवला की ती पेटी मला "वाहवा, वाहवा" म्हणते. घरी-दारी कोणी म्हणत नव्हतं, ती म्हणायची.

बंडूभाऊंचा खरा आक्षेप वेगळा होता. ते जुन्या वळणाचे हार्मोनियमवाले. वाद्याला चुकून पाय लागला तरी पटकन हात लावून कपाळाला लावणारे. "अन् तुम्ही तं वाद्य पायानंच वाजवाले सांगता," ते म्हणाले.

"आमच्या बापानं जल्मभर मागाच्या लक्ष्मीले पायानं हालवलं," मारोतभाऊ म्हणाले. "पण रोज सकाळी खड्ड्यात उतरायच्या आधी पावडीले हात लावे अन् कपाळाले लावे. थे काई रागावली नाई त्याच्यावर."

तेव्हापासून नियम ठरला. पावडीवर अनवाणी पाय, आणि आधी नमस्कार. त्यामुळे आमच्या कार्यक्रमात मी वर चकाकता सदरा, खाली बेलबॉटम आणि त्याखाली उघडे पाय अशा थाटात उभा असे, आणि प्रत्येक गाण्याच्या आधी वाकून जमिनीला हात लावत असे. मुलगा गुणी दिसतो, असं बायकांत बोललं जाऊ लागलं. गाणं मादक असलं तरी त्यांचं हे मत बदलत नसे.

पेटी छान चालायची असं मी म्हणालो नाही. पेटी सारखी बिघडायची. कधी घरघर चालू केली की विहीरही चालू व्हायची, कधी थंडीताप एकदा चढला की गाणं संपलं तरी उतरायचा नाही. उचलायला दोन माणसं लागायची. आणि बिघडलं की मारोतभाऊ माझ्या पायांकडे बघायचे.

"पेटीत काई दोष नाई. पायगुण," ते म्हणायचे. "तुमचा पायगुणच बेकार हाय, गुर्जी. आता पाहा, मी दाबतो." आणि त्यांनी दाबलं की ती चालायची. हे मला आजवर कळलेलं नाही. नवरीचा पायगुण माहीत होता, नव्या गाईचा माहीत होता. गिटारवाल्याचाही असतो, हे मी त्या घरात शिकलो.

पण बिघडली म्हणून कोणी वैतागायचं नाही, कारण बिघाड काढताना 'सुधारणा' व्हायची. हा त्यांचा आवडता शब्द. "सुधारून राहिलो" हे ते जेवून राहिलो म्हणावं इतक्या सहज म्हणत. प्रत्येक सुधारणेला सणाचं नाव. संक्रांतीच्या सुधारणेत घरघर दोन प्रकारची झाली. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुधारणेत उन्हाळ्यात कूलरची भुणभुण स्पीकरमध्ये शिरायची ती बंद झाली. आणि एकेक दोष सापडला की ते सोल्डरिंग आयर्न हवेत उंच धरून आरोळी ठोकत, "खरखर घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा सगळं गाव रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा म्हणून ओरडतं. मारोतभाऊंची मारबत वर्षभर निघायची.

विहिरीची सुधारणा झाली त्या दिवशी तर गल्लीत गर्दीच झाली. पेटीच्या आत टेपरेकॉर्डरची एक फीत गोल गोल फिरत असे, मागाच्या जुन्या कांडीवरून वळसा घेऊन. आवाज फितीवर चढायचा आणि जरा वेळानं परत यायचा. इतके दिवस तो नुसता घुमायचा, शब्द कळेल असा परत येत नसे. त्या दुपारी मी माइकमध्ये म्हणालो, "मारोतभाऊऽ" आणि स्पीकर म्हणाला, "मारोतभाऊ… तभाऊ… भाऊ… ऊ." शेजारच्या सीताबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. "काहून गा, कोण पडलं विहिरीत?"

मग प्रत्येकाला आपलं नाव विहिरीत टाकून बघायचं होतं. सीताबाईंनी आपलं नाव टाकलं, ते परत आलं तेव्हा लाजून पदर तोंडाला लावला, आणि लगेच भिलाईला दिलेल्या लेकीचं नाव टाकलं. मारोतभाऊंनी सगळ्यांना चहा दिला. कप पुरले नाहीत, वाट्यांतून दिला. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गर्दी पांगल्यावर ते एकदम म्हणाले, "चार माग चालून राहायचे ना, तं या घरात बोलायले जागा नव्हती. ओरडून बोला लागे. आता जागाच जागा हाय." मी विहिरीच्या आनंदात होतो, हूं म्हणालो आणि पुन्हा माझं नाव विहिरीत टाकलं.

आता त्या सुट्या तारेविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मारोतभाऊंच्या हातून पेटी कितीही झकास सुधारून आली, तरी तिच्या मागच्या भोकातून एक वीतभर लाल तार बाहेर लोंबत असे. तिचं टोक कशालाच जोडलेलं नसे. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले. मी सांगायला गेलो तर ते म्हणाले, "विसरलो नाई. थे पुढच्या सुधारणेची हाय."

"पण आता सगळं झालं ना?"

"सगळं कधी होत नसते गा." मग त्यांनी मला मागाची रीत सांगितली. विणलेलं कापड मागावरून काढतात तेव्हा ताणा मुळापासून काढून घेत नाहीत. फणीत थोडी सुतं तशीच ठेवतात. नवा ताणा त्या जुन्या सुतांना एकेक गाठ मारून जोडतात आणि ओढून घेतात. सगळं काढलं तर पुन्हा पहिल्यापासून एकेक सूत फणीतून ओवत बसावं लागतं. "पण थे कामाचं झालं," ते म्हणाले. "माहा बाप म्हणे, माग नागडा ठेवू नये. माग नागडा ठेवला का समजायचं, आता या घरात विणणं नाई." त्यांच्या एका भावाचा माग मोडला, त्याआधी त्या भावानं स्वतः फणीतली सुतं कापून काढली होती. ते त्यांनी पाहिलं होतं.

म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर पेटीला सुटी तार. आणि तार सुटी आहे म्हणून कधी ना कधी ती जोडून घ्यायला यायचंच. मी महिन्यातून दोनतीनदा जायचो. खड्ड्यात पाय सोडायचे, चहा प्यायचा, पायगुणाबद्दल बोलणी खायची, आणि नवी लाल तार लोंबवत पेटी घेऊन यायचं.

त्या वर्षी नागपूरच्या महाल भागातल्या एका गणपतीपुढे आमचा कार्यक्रम होता. मैदान भरलेलं. नुकतीच सुधारून आणलेली पेटी माझ्या पायाशी. एक हळुवार युगलगीत सुरू झालं, दोन कडव्यांच्या मधे गिटारचा तुकडा होता, तो वाजवता वाजवता मी विहिरीच्या खटक्यावर पाय दिला. आणि स्पीकरमधून, सगळ्या महालाला ऐकू जाईल अशा आवाजात, मारोतभाऊ बोलले, "बसा ना गा… चहा घेऊन जा… घेऊन जा… जा…"

गाणारी मुलगी थांबली. बंडूभाऊंचा हात हार्मोनियमच्या भात्यावर तसाच राहिला. झालं असं होतं की, सुधारणेनंतर मारोतभाऊंनी विहीर तपासली होती ती स्वतः माइकमध्ये बोलून, आणि फितीवरचं ते बोलणं पुसलंच गेलं नव्हतं. मी घाबरून पुन्हा खटका दाबला. "बसा ना गा… चहा घेऊन जा…" आणि मैदानात जो काही हशा उसळला! शिट्ट्या, टाळ्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "साखर कमी टाका हो!" त्या रात्री आम्हाला एवढाच 'वन्स मोअर' मिळाला. पुढे कित्येक महिने मंडळवाले बंडूभाऊंना विचारत, "तो चहाचा आयटम आहे ना तुमच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी रागानं नव्हे, हसत हसतच हे सांगायला गेलो. मारोतभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं. "एवढे लोक होते म्हणता. मंग आलं का कोणी चहाले?"

मला वाटलं, काय भारी विनोद केला यांनी. मी तो गावभर सांगितला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बंडूभाऊंचा साळा सिंगापूरहून आला आणि येताना ती घेऊन आला. ती म्हणजे कंपनीची पेटी. जेवणाच्या डब्याएवढी. पत्रा असा चकचकीत की तोंड दिसावं. सहा आवाज, आणि नुसतं टेकवलं तरी लागणारे गुळगुळीत खटके. आम्ही सगळे बंडूभाऊंच्या घरी जमलो आणि मी वाजवलं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. खरखर नाही, भुणभुण नाही, एका हातात उचलली जाते. बूट घालून दाबली तरी चालते! मी एकापाठोपाठ एक सगळे आवाज काढून पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून काढले.

आणि तेवढ्यात दारात मारोतभाऊ उभे. कुणीतरी गल्लीत जाऊन बातमी दिली होती.

मी त्यांना प्रथमच अख्खं पाहिलं. ते उंच होते. चौकटीतून वाकून आत यावं लागलं इतके उंच. इस्त्रीचा पांढरा पायजमा घातला होता, चष्म्याला नवा दोरा होता, आणि घरातल्या सगळ्या माणसांच्या वर डोकं आल्यामुळे तेच अवघडून गेले होते. चप्पल बाहेर काढून ते आले, वाकून त्या सिंगापुरी पेटीला हात लावला, कपाळाला लावला, आणि हळूच पाय ठेवला. मी वाजवत होतो, ते दाबत होते. त्यांचा चेहरा फुलत गेला. जळफळाटाचा मागमूस नाही. "वाहवा!" ते म्हणाले. "वाहवा, वाहवा! काय सुधारली लेकानं! गुर्जी, विहीर पाहा ना याची, फीत नाई, काई नाई, अन् आवाज वापस येते!" त्यांनी पेटी उचलून उलटी केली, कडेनं बोट फिरवलं, पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"याची सुटी तार कुठी हाय?"

"नसते मारोतभाऊ," मी म्हणालो. "कंपनीनं पुरी करूनच पाठवली."

"बिघडली तं?"

"दहा वर्षं पाह्यचं काम नाही," बंडूभाऊंचा साळा अभिमानानं म्हणाला. "आपल्याले काही करावंच लागत नाही. मेली तं फेकून द्यायची, नवी घ्यायची."

मारोतभाऊंनी पेटी हळूच खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग ज्यानं बनवली, त्याच्याकडे कोणी जातच नसन." आणि जरा थांबून, "बिचारा."

सगळे हसले. मी हसलो नाही. गणपतीपासून मी गावभर सांगत फिरलो होतो तो विनोद त्या क्षणी मला आठवला. तो विनोद नव्हताच. सगळ्या महालानं ऐकलेलं ते चहाचं बोलावणं त्या माणसानं खरंच केलं होतं, आणि खरंच कोणी आलं नव्हतं.

जाताना ते आमची जुनी पेटी घेऊन गेले. "एक सुधारणा राह्यली," म्हणाले. एकट्यानं खांद्यावर टाकून नेली. आठवडाभरात एका रिक्षावाल्याबरोबर ती माझ्या घरी परत आली. ते स्वतः आले नाहीत. लाकडाला नवं पॉलिश होतं, पावडीला तेल दिलेलं होतं. मी वाजवून पाहिली. घरघर स्वच्छ, थंडीताप वेळेवर चढला आणि वेळेवर उतरला. फितीवरचं चहाचं बोलणं पुसून टाकलेलं. एवढी चांगली ती कधीच वाजली नव्हती. मी खुशीत पेटी वळवली आणि मागे पाहिलं.

तार नव्हती. भोकात लाकडाची खुंटी ठोकून, वरून लाख लावून ते बंद केलेलं होतं.

मी त्या लाखेवरून बोट फिरवलं. मग उठलो, पेचकस घेतला, पेटीचं बूड उघडलं. आतल्या तारांचं मला काही कळत नव्हतं, कुठली कशाला जाते ते माहीत नव्हतं. त्यातल्या त्यात लाल दिसली ती धरली आणि ब्लेडनं कापली. बूड बंद केलं, शेजाऱ्याला हाताशी घेतलं, पेटी सायकल-रिक्षात घातली आणि पाचपावलीला गेलो.

दार उघडंच होतं. मारोतभाऊ खड्ड्यात नव्हते. कडेला भिंतीला टेकून बसले होते, आणि खड्ड्यावर दोन फळ्या आडव्या टाकलेल्या होत्या. हत्यारं डब्यात भरलेली. मला पाहून ते उठायला लागले.

"मारोतभाऊ, पेटी बंद पडली," मी म्हणालो.

"बंद पडन कशी? पुरी केली होती मी."

"काय माहीत. माझा पायगुण."

त्यांनी पेटी जवळ ओढली. बूड उघडलं, चष्मा वर केला, आत बोट घातलं. कापलेल्या तारेची दोन्ही टोकं त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे केली आणि बराच वेळ पाहिली.

"तुटलेलं सूत पिंजारते, गुर्जी," ते सावकाश म्हणाले. "हे कापलेलं हाय."

मी जमिनीकडे पाहू लागलो. मारोतभाऊंनी ती टोकं सोडली, चष्मा काढून बनियानला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग उठले. खड्ड्यावरच्या फळ्या एकेक करून बाजूला केल्या, काठावर बसले आणि पाय खाली सोडले. पुन्हा ते कमरेपासून वरचे मारोतभाऊ झाले.

"गाठ मारा लागन," ते म्हणाले. "येळ लागन बरं का. या, पाय द्या."

मी पाय पुसले आणि समोरच्या काठावर बसून खाली सोडले. त्यांनी स्टोव्हला पंप मारला, पातेलं ठेवलं, आणि दोन कप धुऊन जवळ मांडले. मग माझ्या पायांकडे पाहत म्हणाले,

"मी उगाच बोलत होतो गा, गुर्जी. तुमचा पायगुण चांगला हाय."